पटाशीचे दात गेले, वडील क्लॅरिनेट वाजवतात: ब्रिज, इम्प्लांट की कवळी?

बँडवाल्यांची_लेक

नमस्कार मंडळी. दातांवरचे इथले जुने धागे चाळले, पण बहुतेक सगळे दाढांचे. आमची भानगड पुढच्या दातांची आहे आणि त्यात एक वाद्य अडकलंय, म्हणून नवा धागा काढते. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझे वडील, आप्पा, ५८ वर्षांचे. विट्याजवळ आमचं गाव, तिथं आजोबांनी काढलेला बँड आहे. आप्पा क्लॅरिनेट वाजवतात, धाकटा भाऊ ट्रंपेट. मी पुण्यात नोकरीला. गेल्या महिन्यात मोसमातली शेवटची वरात आटपून मंडळी मध्यरात्री गावात आली. टेम्पोतून उतरताना आप्पांचा पाय सटकला आणि तोंड फाळक्याच्या लोखंडी कडेवर आपटलं. वरचा उजवा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला. डावा हिरडीलगत मोडला, खुंट तेवढा उरलाय. त्याच्या शेजारच्या छोट्या दाताचा कोपरा उडाला. ओठाचे टाके आता निघाले, सूज उतरली. पडलेला दात आप्पांनी रुमालात बांधून ठेवला होता, तो सकाळी डॉक्टरांपुढे धरला. ते म्हणाले, आता ठेवा आठवण म्हणून.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टरांचं मत असं की खुंट उपटून टाकायचा आणि सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दातांचा झिरकोनियाचा (दातासारखं दिसणारं कठीण सिरॅमिक) ब्रिज बसवायचा. ६० हजार, तीन आठवड्यांत मोकळे. त्यासाठी दोन्ही सुळे आणि त्यांच्या आतले दोन्ही छोटे दात घासून बारीक करावे लागतील. दुसऱ्यांनीही खुंट काढायलाच सांगितला, पण ब्रिज नको, दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायची धातूची मुळं आणि त्यांवर दात. ९० हजार, वेळ सहा-सात महिने, आणि साखर खाली आल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.९ आलंय. शिवाय तंबाखू-चुना आहे. "अगदी नखभर," असं आप्पा म्हणतात. त्यांचं नख मला माहीत आहे.

आप्पांचा स्वतःचा बेत म्हणजे चार हजारांची काढता-घालता येणारी कवळी. "मला काय आता लगीन करायचंय व्हय?" एवढं बोलून विषय बंद. सबंध हयात दुसऱ्यांच्या लग्नात गेली, त्यामुळे त्यांना तो फार मोठा विनोद वाटतो.

आता वाद्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लॅरिनेट वाजवताना वरचे पटाशीचे दात माऊथपीसच्या पाठीवर टेकवतात. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्यावर रीड, म्हणजे सूर काढणारी वेताची पातळ पट्टी, टेकते. उजव्या हाताच्या अंगठ्यावर सगळं वाद्य पेललेलं असतं आणि तोच अंगठा ते वर दाबून धरतो. आप्पांच्या माऊथपीसवर त्यांच्या दातांचे दोन खळगे पडलेत इतकी वर्षं. परवा त्यांनी तसंच तोंडाला लावून बघितलं. खालचे सूर फुसकत का होईना निघाले, वरच्या सप्तकात गेले की नुसती चिरक. नंतर पेटी बंद करून गोठ्याकडे गेले ते संध्याकाळपर्यंत घरात आले नाहीत.

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, म्हणजे चार महिने हाताशी आहेत. पण मध्ये गणपती आणि नवरात्र येतंच. विसर्जन मिरवणुकीच्या दोन सुपाऱ्या आधीच घेतलेल्या आहेत.

विचारायचंय ते असं. खुंट काढावाच लागतो का? कवळी लावून कोणी क्लॅरिनेट, सनई, बासरी असलं काही वाजवतं का? आणि दंत महाविद्यालयात करून घेणं कितपत शहाणपणाचं? दोन्ही डॉक्टरांना वाद्याचं सांगितलं होतं. एकानं मान डोलावली, दुसऱ्यानं "थोडे दिवस बंद ठेवा" म्हटलं.

निवृत्त_नाना

इम्प्लांट करा, डोळे झाकून. माझ्या खालच्या दाढेचं केलंय, ऊस सोलून खातो. मलाही साखर आहे, काही होत नाही. ब्रिजबिज आता कोण करतं?

दंतकथा

ताई, मी कृत्रिम दात बसवण्यातलाच एमडीएस आहे, कोल्हापूर भागात दवाखाना आहे. तोंड बघितल्याशिवाय "हेच करा" असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, माझंही. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगू शकतो.

आधी नानांना: नाना, खालच्या दाढेचा न्याय वरच्या पटाशीला लावू नका. खालच्या जबड्याचं हाड दाट असतं आणि तिथली हिरडी हसताना कोणाला दिसत नाही. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूचं हाड बहुतेकांत अगदी पातळ असतं, एक मिलिमीटरसुद्धा नसतं. दात गेला की तेच आधी विरघळतं. पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून ताई, निर्णय काहीही होवो, त्या जागेचा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, आत्ताच काढून घ्या. आज काय शिल्लक आहे ते कळेल.

आता खुंट. माझा सगळा जीव त्या खुंटात अडकलाय. दोघांनी काढायला सांगितला म्हणजे काही कारण असेलही, पण कारण विचारा. मुळाला उभी चीर गेली असेल तर प्रश्न मिटला, तो काढावाच लागतो. चीर नसेल आणि मूळ लांब, घट्ट असेल तर रूट कॅनाल करून आत फायबरचा खांब बसवतात, त्यावर दाताचा गाभा बांधतात आणि वर कॅप. यात कळीची गोष्ट एकच: हिरडीच्या वर स्वतःचा दात किती उरलाय. चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर असेल तर कॅपची कड त्याला कवेत घेते आणि मूळ फाटत नाही. तेवढा नसेल तर सगळा भार खांबावर जातो आणि दोन-चार वर्षांत मूळ उकलतं. कमी पडत असेल तर बारीक तार लावून मूळ हळूहळू खाली ओढून घेता येतं. काही आठवडे लागतात. हिरडी कापूनही दात उघडा करता येतो, पण पुढच्या बाजूला तसं केलं की तो एकच दात लांब दिसतो. वरच्या पटाशीला टाळ्याकडच्या बाजूची पकड जास्त कामाची, कारण चावताना खालचे दात आतून ढकलतात. तेव्हा आतल्या बाजूनं खुंट किती उंच आहे ते मुद्दाम बघा.

एवढा जीव का टाकतोय? दोन इम्प्लांट शेजारीशेजारी आले की त्यांच्यामधला हिरडीचा त्रिकोण टिकवणं महाकठीण. तिथं काळी फट दिसायला लागते, वारा जातो, बोलताना थुंकी उडते. एका बाजूला स्वतःचं मूळ असेल तर ते हाडही धरून ठेवतं आणि हिरडीही. उद्या ते मूळ गेलं तर त्या जागी इम्प्लांटचा रस्ता उघडाच आहे. उलट प्रवास होत नाही.

सहा दातांच्या ब्रिजबद्दल. ब्रिजला मी नावं ठेवत नाही. शेजारचे दात आधीच किडलेले, भरलेले असते तर मीही तेच सुचवलं असतं. पण चार धडधाकट दात घासायचे, त्यांत दोन सुळे, हे मला पचत नाही. घासलेलं आवरण पुन्हा येत नाही, त्या दातांना जन्मभर कॅप लागते आणि आधाराच्या त्या चारांतल्या एकाला कीड लागली तर सहाच्या सहा उतरवावे लागतात. त्याची बाजू एवढीच की तीन आठवड्यांत संपतं आणि वाढलेली साखर त्याला इम्प्लांटइतकी आडवी येत नाही.

साखर आणि तंबाखू. ८.९ वर मी पण स्क्रू घालणार नाही. साधारण सातच्या आसपास, निदान साडेसातच्या खाली येऊ द्या. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे नखभरही नको. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचं मूळ. ते हाडात रुजणं, हाडाच्या पेशी थेट धातूला चिकटून वाढणं, हा सगळा खेळ आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या, १९५२ च्या सुमारास, आणि तेही दातांचा विचार नसताना. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघायला त्यांनी टायटॅनियमची नळी बसवली होती, ती नंतर निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ते बसवले. तो २००६ मध्ये वारला तोवर त्यावरचे दात वापरत होता. एवढं टिकू शकतं, पण रुजू द्यावं लागतं. वरच्या जबड्यात चार ते सहा महिने धरून चाला. त्या काळात त्यावर क्लॅरिनेट टेकवायचं नाही, हे आप्पांना स्पष्ट सांगा.

म्हणून माझा कल असा: डावा खुंट वाचत असेल तर वाचवा आणि त्यावर कॅप. उजव्या रिकाम्या जागी एकच इम्प्लांट, साखर उतरल्यावर. कोपरा उडालेल्या छोट्या दाताला दाताच्या रंगाचं सिमेंट पुरतं, ते एका बैठकीत होतं. मधल्या काळासाठी काढता-घालता येणारा एक दात. खर्च ९० हजारांच्या बराच खाली येईल.

महाविद्यालयाबद्दल: जरूर जा. सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, तुम्हाला जवळ पडेल. शासकीय म्हणाल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. पैसे कमी लागतात, वेळ जास्त. पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात, पण प्रत्येक पायरीवर वरचे शिक्षक तपासतात, आणि अशी आगळी केस आली की सगळा विभाग गोळा होतो. आप्पांना क्लॅरिनेट घेऊनच पाठवा.

जाता जाता, इतर वाचणाऱ्यांसाठी: मोठ्या माणसाचा किंवा शाळकरी पोराचा पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, माती लागली असेल तर पाण्यानं हलकेच विसळा आणि तिथल्या तिथं खाचेत परत बसवून रुमाल चावून धरायला सांगा. ते जमत नसेल तर दात थंड दुधात टाका आणि तडक दवाखाना गाठा. कोरडा तासभर राहिला की मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

बँडवाल्यांची_लेक

डॉक्टर, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. भावाला फोन करून टॉर्च लावून फोटो काढायला लावला. खुंट पुढून हिरडीच्या रेषेत आहे, पण टाळ्याकडून चांगला तीन मिलिमीटर तरी उभा दिसतोय, तिरका मोडल्यासारखा. हा चांगला शकुन समजायचा का? दुसरं, पावसाळाभर काढता-घालता येणारा दात वापरला तर त्यावर गणपतीत वाजवता येईल का?

दंतकथा

तिरका मोडलाय आणि आतून उंच आहे, हे वाईट नाही. चीर आहे की नाही ते एक्सरे आणि भिंग सांगेल. दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापेक्षा लॅबवाले आणि वाजवणारे बरं उत्तर देतील.

मेण_आणि_भट्टी

हाक मारल्यासारखंच झालं. मी दात करणारा. डॉक्टर नव्हे, लॅबवाला. पुण्यात कवळ्या, कॅप, ब्रिज करण्यात आयुष्य गेलं, आता मुलगा कॉम्प्युटरवर दात कोरतो आणि मी त्याच्या मागे उभा राहून नाक खुपसतो.

लेकी, एक गोष्ट ऐक. डॉक्टर तोंड बघतात, आम्ही फक्त माप बघतो. आमच्याकडे येतं प्लास्टरचं मॉडेल आणि एक चिठ्ठी: "एक युनिट, शेड ए-थ्री, गुरुवारी हवं." त्या तोंडाचा मालक काय करतो, हे चिठ्ठीत कधी नसतं. शिंपी दातात दोरा तोडतो, सुतार खिळे दातात धरतो, आणि चार महिन्यांनी कॅपची कड उडाली की लॅबला शिव्या. म्हणून तुझ्या डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहायला लाव: रुग्ण क्लॅरिनेट वाजवतो, माऊथपीस वरच्या पटाशीच्या कडेवर टेकतो. एवढ्या एका ओळीनं आमच्या हातातलं काम बदलतं.

काय बदलतं ते सांगतो. झिरकोनियाच्या कॅपवर दिसायला छान म्हणून वरून पोर्सेलिनचा थर चढवतात. झिरकोनिया फुटत नाही, हा थर फुटतो, आणि नेमका कडेला. तुझ्या वडलांच्या कॅपची कड आणि आतली बाजू अखंड झिरकोनियाची ठेवायची, पोर्सेलिन फक्त ओठाकडच्या दर्शनी भागावर. एखादा हुशार पोरगा हे न सांगता करेल, पण त्या भरवशावर राहू नको.

दाताची लांबी. साध्या माणसाला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे कळत नाही, वाजवणाऱ्याला कळतो. तू म्हणालीस ना, माऊथपीसवर दोन खळगे पडलेत? अगं, तो तर खजिना आहे! जुन्या दातांच्या कडा कुठे होत्या, दोघांत अंतर किती, कुठला जरा पुढे होता, सगळं त्यात उमटलंय. पहिल्या भेटीला माऊथपीस न्या. आणि लग्नातला एखादा जुना फोटो, ज्यात आप्पा हसतायत. वाजवतानाचा नको, त्यात ओठ मिटलेले असतात. बँडवाल्याच्या घरात हसतानाचा फोटो शोधणं सोपं नाही, माहीत आहे.

कायमचा दात करण्याआधी त्याच मापाचा प्लास्टिकचा तात्पुरता दात करून घ्या आणि तो लावून आप्पांना दवाखान्यात वाजवू दे. शेजारचे लोक डोकावतील, डोकावू देत. प्लास्टिक घासून कमी करता येतं, भर घालून वाढवताही येतं. सूर बसला की तीच लांबी, तीच जाडी आम्ही पक्क्या दातात उतरवतो. त्यांना पटेपर्यंत पक्का दात भट्टीत जाऊ देऊ नका.

आता मधल्या काळाचा दात. चार हजारांत मिळते ती गुलाबी प्लास्टिकची प्लेट. टाळ्यावर दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा बसल्यासारखं होतं. जीभ रीडला टेकायला जाते आणि मध्ये ही प्लेट. शिवाय पुढच्या दातावर खालून दाब आला की प्लेट मागच्या बाजूनं सुटते, मागं काही अडकवलं नसेल तर ऐन "गणपती बाप्पा"ला बाहेर यायची. म्हणून दोन्हीकडच्या दाढांना तारांचे आकडे हवेत, किंवा थोडे जास्त पैसे घालून कोबाल्ट-क्रोमची ओतीव धातूची प्लेट. ती अर्ध्या मिलिमीटरची होते, जिभेला जाणवतही नाही फारशी, आणि आकडे पक्के बसतात. पुढे इम्प्लांट होणार असेल तर एवढ्या महिन्यांसाठी धातू करायचा का, हा तुमच्या खिशाचा प्रश्न. मी आकड्यांची साधी प्लेट करीन आणि टाळ्याचा मधला भाग कापून मोकळा ठेवीन. "फ्लेक्झिबल" म्हणून जे मऊ दात मिळतात ते मात्र नको. बोलायला-हसायला ठीक, पण माऊथपीस टेकवला की ते हिरडीत रुततात.

शेडबद्दल: माप घ्यायच्या आधी, पहिल्या पाच मिनिटांत रंग जुळवायला सांगा, उजेडाला खिडकीशी. तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. मग कॅप चुन्यासारखी होते. तंबाखूचे डाग आधी साफ करून घ्या, पण "नवे करतोयच तर जरा पांढरे करा" हा हट्ट धरू देऊ नको. बँडच्या गणवेशात पुढचा एकच दात ट्यूबलाईटसारखा चमकतो.

आणि जत्रेत, बाजारात "एका तासात फिक्स दात" लावून देणारे बसतात, आप्पा तिकडे वळायच्या आत सांगून ठेव. ते न तापवता घट्ट होणारं कच्चं प्लास्टिक तारेनं शेजारच्या दातांना बांधून थेट हिरडीवर थापतात. ते काढता येत नाही, खाली साफ होत नाही, आणि वर्षभरात शेजारचे दोन चांगले दातही डुलायला लागतात. असली तोंडं मी बघितलीत.

डबल_लिप

पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो, विदर्भात. आता निवृत्त, शिकवतो. माझा वरचा एक पटाशीचा दात कॅपचा आहे, तेव्हा थोडं अधिकारानं बोलतो.

आप्पांना सांगा, दात टेकवल्याशिवायही क्लॅरिनेट वाजतं. वरचा ओठही खालच्यासारखाच आत दुमडायचा आणि दोन्ही ओठांत माऊथपीस धरायचा. जुने कितीतरी वादक असंच वाजवायचे. सुरुवातीला वरचा ओठ सोलवटतो आणि वाद्य डगमगतं, कारण दाताचा आधार गेलेला असतो. म्हणून गळ्यात पट्टा घालायचा. क्लॅरिनेटचा पट्टा मिळतो, सॅक्सोफोनवाल्यांसारखाच, अंगठ्याच्या कडीत अडकवतात. वाद्याचं वजन पाऊण किलोच्या वर असतं, ते पट्ट्यावर गेलं की दातावरचा दाब निम्मा होतो असं मला तरी वाटतं. पुढे पक्के दात बसल्यावरही पट्टा सोडू नये.

तीन नंबरची रीड लावत असतील तर गणपतीपुरती दोनची, म्हणजे मऊ, लावा. चिरक कमी होईल. आधी आठ-दहा दिवस फक्त खालचे लांब सूर, रोज थोडा वेळ. वरचं सप्तक घाईनं नको. गणपतीत कोणी राग ऐकत नाही, दोन-तीन गाणी आणि आरती खालच्या पट्टीत बसवली की भागतं. ट्रंपेटवाला भाऊ वरचं सांभाळेल.

माऊथपीसवर चिकटवायचा पातळ रबराचा तुकडा मिळतो, वाद्यांच्या दुकानात विचारा. कॅपला तो हवाच. नुसत्या एबोनाइटवर (माऊथपीसचं कडक रबर) कॅप घसरते आणि कवटीत कंप जातो, तो नव्यानं लावलेल्या दाताला फार जाणवतो. आणि इम्प्लांटचं ऑपरेशन झाल्यावर फुंक मारायला कधी सुरुवात करायची ते सर्जनला विचारूनच. टाके असताना तोंडात दाब भरला की जखम उलते.

एक शंका डॉक्टरांना: कॅपच्या दातावर रोज दोन-दोन तास वाद्य टेकवलं तर आतला खांब तग धरतो का?

दंतकथा

रास्त शंका. खांबाच्या दाताला आडवा धक्का मारतो, उभा दाब तो सोसतो. क्लॅरिनेटचा दाब बराचसा वर मुळाच्या दिशेनं जातो आणि थोडा बाहेर. तो धोका शून्य नाही. म्हणूनच आतल्या बाजूची पकड आणि तुमचा पट्टा, दोन्ही मला हवेत. अंतिम टप्प्यात इम्प्लांटच्या दाताची आणि कॅपची कड एकाच उंचीला आणून दाब दोघांत वाटून देता येतो, पण ते मेणकाका म्हणतात तसं तात्पुरत्या दातावर वाजवून बघूनच. एक ध्यानात ठेवायचं: मुळाभोवती लवचीक पडदा असतो, दाब आला की ते किंचित दबतं. इम्प्लांट हाडात घट्ट असतं, ते दबत नाही. त्यामुळे इम्प्लांटचा दात कणभर कमी ठेवावा लागतो.

बँडवाल्यांची_लेक

सगळ्यांचे आभार. काल घरी जाऊन आप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. जत्रेतल्या दातांवर ते गप्प झाले, म्हणजे मनात होतं. ओठ दुमडून वाजवायचं ऐकल्यावर म्हणाले, "आमचं वस्ताद असंच वाजवायचं, आम्ही पोरं हसायचो." मग तिथंच काढून दोन सूर लावले. चिरक आली, पण पूर्वीपेक्षा कमी.

सध्या असं ठरलंय: पुढच्या आठवड्यात सांगलीला दंत महाविद्यालयात. खुंट वाचत असेल तर वाचवायचा, छोटा दात भरून घ्यायचा, गणपतीसाठी आकड्यांची प्लेट. इम्प्लांट दसऱ्यानंतर, साखर तोवर उतरली तर. लग्नसराईत मग तात्पुरत्या दातावर आणि दोन्ही ओठांवर भागवायचं, पक्का दात अक्षय्य तृतीयेच्या आत. हाड तोवर झिजणार हे कळतंय, पण सुपारी परत करायला ते तयार नाहीत. तंबाखूची डबी आईकडे जमा झाली आहे. आई ती कुठं ठेवते हे आप्पांना माहीत आहे, हा वेगळा प्रश्न.

मेणकाका, भाऊ विचारतोय की माऊथपीसच्या खळग्यांचा साचा घरीच प्लास्टरमध्ये घेऊ का? त्याला घाई झालीय.

मेण_आणि_भट्टी

अजिबात नको! प्लास्टर चिकटलं तर माऊथपीस जाईल आणि आप्पा मला शोधत पुण्याला येतील. दवाखान्यात मापाची सिलिकॉनची पुट्टी असते, ती दाबली की पाच मिनिटांत खळग्यांचा स्वच्छ ठसा मिळतो आणि वाद्याला काही होत नाही. दाबण्याआधी रीड काढून ठेवायला सांग.

दंतकथा

दसऱ्यापर्यंत थांबणार असाल तर सीबीसीटी आत्ता एक आणि तेव्हा पुन्हा एक, असं होईल. आत्ताचा चुकवू नका. हाड कमी पडलं तर इम्प्लांटच्या वेळी कृत्रिम हाडाची भर घालावी लागेल, तो खर्च आधीच विचारून ठेवा. पहिल्या भेटीला एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी महाविद्यालयवाले बोलतील. हाडांच्या ठिसूळपणावर औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आवर्जून सांगा. सकाळी नाश्ता आणि साखरेची गोळी घेऊनच जायचं, उपाशी नाही. ओपीडीत नंबर लवकर लावायला लागतो.